पुढचा दांडा

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा बाबाच जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजीचं काही नाही. फोनवर एक दिवसाआड बोलतो, तरी आईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर काय होतं, तू जरा गप्प झालीस की मी घाबरून विषय बदलते. जेवलीस का विचारते, खिडकीला जाळी बसवली का विचारते. कागद मधेच गप्प होत नाही. म्हणून आज गाड्या दुरुस्तीचं दुकान बाबांवर सोडून मागच्या खोलीत स्टुलावर बसलेय. समोर तुझी गाडी उभी आहे.

दोन वर्षं होतील आता. रेसच्या ट्रॅकवरून आलीस, हेल्मेट कपाटावर ठेवलंस आणि म्हणालीस, की हे माझ्या हातातलं काम नाही, मी मुळातच धीमी आहे. त्यानंतर गाडीकडे वळून पाहिलं नाहीस, आणि महिन्याभरात नोकरीसाठी त्या दूरच्या शहरात गेलीस. हळूहळू तू परत त्या सीटवर बसावंस असं मला वाटू लागलंय, आणि तेवढं सोडून मी तुझ्याशी सगळं बोलत आलेय. का ते सांगणार आहे. पण आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. सरळ मुद्द्याला हात घालायची हिंमत अजून गोळा व्हायचीय.

गाडी आणलीस तो दिवस आठवतो? दोन सीटची, बुटकी, इंजिन बरं पण अंगावर रंग औषधालाही नाही. बाबा बाहेर आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की उरलेली गाडी कधी येणार आहे. मग आपण दोघींनी तिला सोलायला घेतलं. गालिचा काढला, एसी काढला, दारांच्या आतले पत्रे काढले. रेडिओ काढला तो बाबांनी फडक्यात गुंडाळून ठेवला, उद्या लागला तर. तुला घाई होती ती इंजिनाची ताकद वाढवायची. मी म्हटलं, ज्याला थांबता येत नाही त्याने पळू नये. चार दिवस तोंड फुगवून बसलीस. पण ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला दुसऱ्या एका गाडीचं ब्रेक ऑइल उकळलं आणि तो गडी वाळूत जाऊन बसला, तेव्हा येऊन मुकाट्याने माझ्या हातात नवे ब्रेक पॅड ठेवलेस. त्यावर मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत, म्हणून लक्षात राहिलंय.

आणि ते वजन! चारही चाकांखाली चार काटे ठेवून आपण गाडी तोलायचो. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघून स्प्रिंगा थोड्या वर, थोड्या खाली. चालवणाऱ्याचा भार धरावाच लागतो, म्हणून तू नसलीस की तुझ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या मी सीटवर ठेवायचे. तू चोपन्न किलो सांगितलंस, मी चोपन्न किलो वाळू भरली. मग एकदा तू स्वतः बसलीस आणि काट्यांनी चाडी केली. तीन किलो चोरले होतेस! स्क्रू खिशात राहिले असतील म्हणालीस. तीन किलो स्क्रू घेऊन फिरणारी मुलगी मी तरी पाहिली नव्हती. बाबा हसून हसून जमिनीवर बसले आणि मग गुडघ्यामुळे त्यांना उठवायला आपण दोघी लागलो.

त्या दिवशी तूच नियम केलास, की जे मोजलं तेच वहीत लिहायचं. ज्याला पाना लागला ते वहीत चढलं पाहिजे, मग ते अर्ध्या आट्याचं काम का असेना. निळ्या पुठ्ठ्याची ती वही दुकानातल्या कुठल्याही माणसापेक्षा भरवशाची होती. वरचं काम तुझं, गाडीखालचं माझं, कारण खालून बाहेर आलीस की तू शिंकत सुटायचीस. माझ्या हातचं तू कधी खाली वाकून तपासलं नाहीस. आई म्हणून नव्हे, कारागीर म्हणून तुझा माझ्यावर विश्वास होता. मला त्याचा फार अभिमान होता, भिंगरे.

आता ती गिरकी. चौथा ट्रॅकचा दिवस, लांबलचक डावं वळण. तू सगळ्यात छान तेच घ्यायचीस. गाडीचं शेपूट सुटलं, दोन गिरक्या झाल्या आणि गाडी उलट्या तोंडाने वाळूत थांबली. तू दार उघडून हसतच बाहेर आलीस. भिंगरी नाव सार्थ केलं म्हणून ट्रॅकवर शिकवणाऱ्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तुला उचलून आणायला ट्रॅकची जीप गेली, तिच्यात मी होते. तुझी पाठ होती, म्हणून तुला दिसलं नाही. मी मात्र गाडी आणि टायरांची भिंत यांच्यामधून चालत गेले. अंग तिरकं करून जावं लागलं मला तिथून, एवढीच फट उरली होती. घरी आल्यावर तू रात्रभर घोरलीस आणि मी छत बघत पडून राहिले.

पुढच्या ट्रॅकच्या दिवसाआधी, शुक्रवारी दुपारी, तू टायर आणायला गेली होतीस. मी गाडी जॅकवर घेतली आणि खाली शिरले. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा तुला माहीतच आहे. वळणात गाडी कलू नये म्हणून असतो तो. त्याच्या टोकाला तीन भोकं. मधल्या भोकात होता, तिथेच तुझी गाडी नाचायची. मी तो दोन्ही बाजूंनी आतल्या भोकात घेतला, सगळ्यात कडक. मागचा होता तो सैल केला. असं केलं की शेपूट सुटत नाही. स्टिअरिंग कितीही वळवलं तरी नाक जडपणाने सरळच जाऊ बघतं, आणि चालवणाऱ्याला झक मारत वेग कमी करावा लागतो. काम वीस मिनिटांचं. मग हात पुसले, वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं, पुढचा दांडा मधलं भोक, मागे बदल नाही.

हो. मीच. त्यानंतरचे ट्रॅकचे चारही दिवस तू ती तशीच गाडी चालवलीस.

तुला गाडी वेगळी लागली होती. पहिल्याच दिवशी येऊन विचारलंस, की आई, काही बदललंय का. मी म्हटलं, वहीत बघ. तू पाहिलंस. वहीवर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास. एक मिनिट बावन्न सेकंदांची फेरी चोपन्नवर गेली. तू टायरची हवा बदललीस, ब्रेक आधी लावून पाहिलास, उशिरा लावून पाहिलास. वेळांचे कागद मांडून ताटासमोर बसायचीस आणि घास हातातच राहायचा. मास्तर म्हणाले, पोरगी गिरकीनंतर बिचकलीय, होतं असं. तू तेही मान्य केलंस. मी समोर बसून तुला भात वाढत होते.

आणि ज्या दिवशी तू सोडते म्हणालीस त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आता लपवाछपवी बास झाली. त्या रात्री मला गाढ झोप लागली. वाटलं, लेक हाडामांसाने शाबूत आहे, बाकी काय, विसरेल. तू विसरली नाहीस. तो धीमेपणा उचलून बरोबर घेऊन गेलीस. ऑफिसात मोठं काम समोर आलं की आपल्याला नाही जमायचं म्हणून दुसऱ्याकडे सरकवतेस. सहज हसत सांगतेस, की आई, मी धीमी आहे ना. दर वेळी मी खिडकीच्या जाळीचं विचारते.

गेल्या महिन्यात बाबा म्हणाले, खोली अडलीय, गाडी विकून टाकू. विकायची तर नीट करून द्यावी म्हणून मी खाली शिरले आणि माझाच नट माझ्यासमोर आला. तशीच बाहेर आले. गाडी ट्रेलरवर घातली आणि ट्रॅकवर नेली. आधी मीच बसले तुझ्या त्या खोलगट सीटवर. माझ्या घेराची आणि तिची काही ओळख नाही, बाहेर काढायला दोन माणसं लागली. पण डावं वळण मी घेऊन पाहिलं, तुझ्या निम्म्या वेगाने. गाडी वळायलाच तयार नव्हती गं. दोन्ही हातांनी ओढत होते. या धुडाला तू चार दिवस रस्त्यावर कसं ठेवलंस, कळेना.

मग मास्तरांना चालवायला दिली. एकदा माझ्या कडक दांड्यावर, एकदा मधल्या भोकावर, मागचाही पूर्वीसारखा करून. काय बदललंय ते सांगितलं नाही. टायर तुझ्याच वेळचे. मधल्या भोकावर त्यांची फेरी एक मिनिट बावन्न, अगदी तुझ्याइतकी. कडक दांड्यावर एक मिनिट पंचावन्न. उतरल्यावर त्यांनी विचारलं, की हे आधीचं ज्याने केलं त्याचं गाडीशी काय वैर होतं. मी म्हटलं, गाडीशी नव्हतं. आता हिशेब तूच कर. वीस वर्षं शिकवणारा माणूस ज्या गाडीत पंचावन्नवर अडकला, त्याच गाडीत तू चोपन्न काढत होतीस. रडत, स्वतःला शिव्या देत काढत होतीस. मी गाडीच्या आडोशाला जाऊन पोटभर रडले. अभिमानाने की शरमेने, ते मला सांगता यायचं नाही.

हे सांगायचं मी महिनाभर टाळलं. आजही टाळलं असतं. पण गुरुवारी फोनवर तू जाता जाता म्हणालीस, की तिकडच्या ट्रॅकवर नव्या मुलींना गाडी शिकवायला बाई हवीय, मास्तरांनी तुझं नाव कळवलं, आणि सोमवारी तू नकार लिहून पाठवणार आहेस. मग हळूच विचारलंस, की आई, खरं सांग, मी कधी बरी चालवायचे का गं. आणि मी म्हटलं, सुखरूप आहेस ना, झालं तर. तुझा तो छोटासा हं मला दोन दिवस ऐकू येतोय. म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या बसने पाठवतेय, सोमवारच्या आत पोचेल असं. तुला माझा राग येईल, येऊ दे. फोन करावासा वाटला नाही तर नको करूस, मी वाट बघेन. भीती मला अजून वाटते, तू ट्रॅकवर गेलीस की वाटणारच, पण ती माझी आहे, तिचं ओझं आता मीच वाहीन. नकार द्यायचा असेल तर खुशाल दे. वेळ नाही लिही, कंटाळा आला लिही. फक्त जमत नाही असं लिहू नकोस. ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे इतके दिवस जगात फक्त मला ठाऊक होतं.

तुझीच,
आई