शोभाचं ताट

मंगळवार, संध्याकाळ, वडखळ

लिही गो, आजी सांगते तसं, आणि तुझ्या बापाचं आहे म्हणून गाळू नको.

आपल्या खानावळीत भाकऱ्या थापणारी शोभा गेली. कोलाडच्या धाब्यावर तव्यापाशी बसते आता. पगार इथल्याएवढाच. मग का गेली? तुझा बाप आठवडाभर हेच विचारत फिरतोय. ताटाचं काय केलंस, ते मात्र स्वतःला विचारत नाही.

मी खानावळ बघायचे तेव्हा तव्यापाशी बसणाऱ्या बाया आधी जेवायच्या, मग दार उघडायचं. तुझ्या बापाने ते मोडलं. आधी गिऱ्हाईक. शोभाचं ताट दुपार कलल्यावर, तेही मासळी संपलेलं, तळाच्या रश्श्याचं. वर भिंतीवर पाटी लावली, 'आम्ही सारे एक कुटुंब'. खोटं कसं म्हणू? घरात सुनेला वाढतात तसंच शेवटी वाढलं तिला.

आज तिला परत आणायला कोलाडला गेला. तोंड पाडून आला.

"काय म्हणाली?"

"लगेच भेटलीच नाय. मालक म्हणाला, बाई जेवतायत, बसा जरा."

"मग?"

"बसलो."

"किती वेळ?"

"तिचं ताक पिऊन होईस्तोवर. मग म्हणाली, नाय येत."

मला हसू आलं, पण ते गोड नव्हतं. तिच्या हातासारखी भाकरी आता पेणपर्यंत शोधून मिळायची नाही.

उद्या तव्यापाशी कोण, हे विचारायला तो मघापासून माझ्या दारात घुटमळतोय. घुटमळू दे. माझं जेवण व्हायचंय.