श्रुतीचा मास्क

ती. मामा,

पंधरा दिवस उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत टाळलं. फोनवर "तुमच्या श्रुतीला मशीन मानवलं" म्हणालो, ते खोटं होतं. झोपेत तिचा श्वास अडकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, सवय व्हायला रोज दुपारी तिला त्या मशीनचा मास्क लावा आणि तासभर शेजारी बसा. पहिल्याच दिवशी नाकावरची लांब नळी बघून मी "हत्तीण दिसतीस की!" म्हणालो आणि मित्राबरोबर गारगोटीच्या बाजारात गेलतो. तिथली भजी तर... असो. परतल्यावर ती म्हणाली, "सोंड काढून ठेवलीय. आता तुम्हीच लावा." तेव्हापासनं मास्क कपाटातच पडलाय.

रात्रीची झोप पुरी होत नाही, त्यामुळं काल बावड्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना तिचा डोळा लागला आणि ती पडली. मागनं उसाचा ट्रॅक्टर येत होता. गुडघ्यावर निभावलं.

आत्ता श्रुती दारातनं ओरडतीय, "आवो, अप्पा आलं की!" म्हणजे मामा, तुम्हीच. तिची पट्टी बघून विचारालच. तोंडानंच सांगतो.

तुमचा जावई,
सूरज