बोलण्याची खोली

३ सप्टेंबर

पोचलो एकदाचे. तीन मोठ्या बॅगा, दोन पिशव्या, एक नवरा आणि अखंड चालू असलेली भुंगी. विमानात शेजारच्या आजोबांना तिने आमच्या सोसायटीतल्या मांजरीची सगळी बाळंतपणं क्रमवार सांगितली. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण माणूस भला, शेवटपर्यंत मान डोलावत राहिला. तोंड कधी मिटतच नाही म्हणून तिच्या बाबाने तिचं नाव भुंगी ठेवलं. आता साडेपाच वर्षांची आहे, तरी गुणगुण तशीच.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, ऊन भरपूर. ओटा मात्र माझ्या मानाने उंच, भांडी घासताना टाचा उचलाव्या लागणार. खिडकीतून शाळेचं पटांगण दिसतं. भुंगीने आल्या आल्या घसरगुंड्या मोजल्या: दोन. नवऱ्याचं कारखान्यात यंत्रं बसवायचं काम, तीन वर्षांचं कंत्राट. मी बारा वर्षं चालवलेली बालवाडी बंद करून आले. वाईट वाटलं, पण आज नाही. आज खूप छान वाटतंय.

१० सप्टेंबर

शाळेत नाव घातलं. येण्याआधी चार महिने इथल्या भाषेचा क्लास केला होता, त्यामुळे मोठ्या बाईंचं बरंचसं बोलणं कळलं. या शाळेच्या मुख्य. पांढरे केस, हळू आवाज. नव्या मुलांचा वर्ग वेगळा असतो. अकरा मुलं, नऊ भाषा. वर्गात, पटांगणात, जेवताना फक्त इथलीच भाषा. मी जरा बिचकले, तेव्हा त्यांनी मला एक खोली दाखवली. भिंतींना जाड लोकर, पायाखाली गालिचा, खिडकी नाही. ही बोलण्याची खोली. नवी मुलं रोज एक तास इथे बसतात आणि आपापल्या भाषेत हवं ते बोलतात. मोठ्यांनी आत जायचं नाही, मुलं बुजतात. सगळं बोलून टाकलं की मुलं हलकी होतात, असं बाई म्हणाल्या.

बारा वर्षांत मला हे सुचलं नाही. किती समजूतदार लोक.

१६ सप्टेंबर

मला नोकरी मिळाली! मदतनीस म्हणून. मुलांना खोलीपर्यंत न्यायचं, बूट काढायचे, आत सोडून दार लावायचं, तासाने बाहेर काढायचं. इथली मुलं मला ज्या शब्दाने हाक मारतात त्याचा अर्थही तोच, मदतनीस. अट एकच: शाळेत भुंगीशी मराठीत बोलायचं नाही. नवरा म्हणाला, दिवसभर लेक डोळ्यांसमोर, अजून काय पाहिजे.

३० सप्टेंबर

भुंगी शाळेत बोलत नाही. घरीही कमी झालं आहे. वर्गाच्या बाई म्हणतात, असं होतंच, पहिले काही आठवडे मुलं गप्प असतात, मग एकदम बोलायला लागतात. मलाही माहीत आहे. मी स्वतः किती आयांना हे सांगितलं आहे.

आज व्हरांड्यात ती माझ्यासमोर उभी राहिली. पाय आवळून. शू लागली होती, मला दिसत होतं. बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, तिला मागू दे. मी इथल्या भाषेत म्हटलं, “काय हवं? नीट सांग.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू आईच्या तोंडून भलतंच कोणी बोलत होतं. मग चड्डी ओली झाली. पुसायचं काम माझंच. पुसलं.

१५ ऑक्टोबर

बोलली. संध्याकाळी, अख्खं वाक्य, इथल्या भाषेत: मला अजून पाणी हवं. उच्चार माझ्याहून स्वच्छ. नवऱ्याने तिला उचलून गिरक्या घेतल्या, आईला फोन लावला. सासूबाईंनी चार वेळा हाक मारली, शोनू, बोल की. भुंगी फोनकडे बघत हसत होती. सासूबाई म्हणाल्या, माझा आवाज पोचत नाही वाटतं. आम्ही हो म्हटलं.

२२ ऑक्टोबर

हे लिहू की नको असं झालं आहे. दुपारी व्हरांडा झाडत होते. मुलांचा तास होऊन गेला होता. बोलण्याची खोली रिकामी, मी स्वतः मोजून अकरा मुलं वर्गात पोचवली होती. आतून आवाज आला. “आई, शू लागली.”

मी धावत वर्गात गेले. भुंगी तिथे चित्र रंगवत होती. तोंड मिटलेलं.

परत आले. दाराला कान लावला. “आई, लागली ना गं.”

२४ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू दमतेस, नोकरी सोड हवं तर.

भुंगीला समोर बसवलं. चमचा दाखवला, उशी दाखवली, स्वतःकडे बोट दाखवून विचारलं, मी कोण? परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी ती अदबीने बसून होती. मग उत्तर सुचल्यासारखा चेहरा खुलला आणि म्हणाली, मदतनीस.

२९ ऑक्टोबर

शाळेच्या स्वयंपाकीणबाई बोलल्या. त्या कुठल्यातरी तिसऱ्याच देशाच्या. त्यांची आणि माझी मोडकी भाषा एकच. मला दाराला कान लावताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा आहे, बँकेत आहे, सणावाराला भेटतो, दोघं हवापाण्यावर बोलतात. तो सहा वर्षांचा असताना याच खोलीत बसायचा. त्या सोळा वर्षं इथे आहेत. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येतात.

मी विचारलं, कशाला?

त्या म्हणाल्या, “तो अजून आत सहाच वर्षांचा आहे. मला अजून आई म्हणतो.”

५ नोव्हेंबर

मोठ्या बाईंकडे गेले, आतल्या आवाजांचं विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. काही वाया जात नाही म्हणाल्या, सगळं नीट ठेवलेलं आहे. वर्गाच्या काचेतून भुंगी दाखवली, ती एका मुलीशी कुजबुजत खिदळत होती. म्हणाल्या, “ती हसते आहे. रडताय तुम्ही.”

परत येऊन दहा जोड्या बूट काढले. मग अकरावी, भुंगीची. रोज मीच सोडते तिला आत. माझ्याच हाताने —

९ नोव्हेंबर

आत गेले. किती आवाज आहेत. भिंतींतून. हसणारे, हाका मारणारे, कळत नाहीत अशा भाषांत. त्यांत तिचा. मांजर, घसरगुंडी, आजीच्या हाताला येणारा वास — सगळं इथे. मग तेच. आई, घंटा झाली का. आई, कधी येशील.

बोलले नाही. धीर झाला नाही.

१२ नोव्हेंबर

भुंगीला घेऊन गेले. वाटलं, तिचं तिला मिळेल. दोघी गालिच्यावर बसलो. आवाज सुरू झाला. तिने ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या. इथल्या भाषेत विचारलं, ही मुलगी काय म्हणते?

मला माझ्या मुलीला तिचंच बोलणं समजावून सांगावं लागलं. म्हटलं, ती आईला बोलावते आहे.

भुंगी म्हणाली, “मग तिची आई का येत नाही?”

१३ नोव्हेंबर

नोकरी गेली. भुंगीने बाबाला सांगितलं, बाबाने बाईंना. नवरा म्हणतो, पोरीला घाबरवू नकोस, तिचं किती छान चाललंय. छानच चाललंय. ती जेवते. झोपते. खेळते. मला नमस्कार करते.

खिडकीतून ते दार दिसत नाही. नुसतं पटांगण.

१७ नोव्हेंबर

मला जेवण जात नाही. घास घेतला की ती — तिथे तिला कोण भरवतं

१९ नोव्हेंबर

स्वयंपाकीणबाईंनी किल्ली दिली. काही विचारलं नाही. डोळे पुसून भाजी चिरत राहिल्या.

२० नोव्हेंबर, दुपार

आत आहे. दार आतून लावलं. मांडीवर वही.

उत्तर दिलं. म्हटलं, आले गं, इथेच आहे. तिचं रडणं थांबलं. लगेच. गेले दोन महिने कोणी थांबवलं नव्हतं — मी बाहेर बूट लावत बसले होते

बडबडते आहे. किती दिवसांचं साचलंय. मी हूं हूं म्हणते. थांबले की घाबरते. आई, आहेस ना. आहे.

बाहेर पावलं. नवरा. मोठ्या बाई. दार वाजवताहेत. आता लहान मूठ — भुंगी. तिला आणलंय मला बोलवायला. हाक मारते आहे. मदतनीस. मदतनीस.

उठायला हवं. ती माझी आहे, उठायला हवं. पण उठले की ही —

किल्ली फिरते आहे. आत ही गप्प झाली. हळूच विचारते, आई, दारात कोण मुलगी आली गं. काय सांगू. बाळा, ती तू —