शनिवारचा शेवटचा तास

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही. आज शाळेतून आले, चहा ठेवला, आणि तो आटून जाईपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत उभी राहिले. तेच आता लिहिते आहे.

मी पाचवीत, तुमच्या वर्गात. तुम्ही एकेकाला उभं करून विचारताय, अभ्यास सोडून तुला काय आवडतं? मी म्हणाले, देवास गेटच्या बसस्टँडवर उभं राहून बसच्या पाट्या वाचायला. वर्ग हसला. "हसायचं नाही, ऐकायचं," एवढंच तुम्ही म्हणालात. मग घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची साडी अशा तुम्ही, स्वतःची आवड म्हणून, आम्हाला चक्क शीळ वाजवून दाखवलीत.

आता मी आपल्याच गावात, फ्रीगंजातल्या एका हिंदी शाळेत आठवीला शिकवते. यंदा जवळचीच एक शाळा बंद पडली आणि तिथली मुलं आमच्याकडे आली. खिडकीकडे आमची, दाराकडे त्यांची. डबेसुद्धा वेगवेगळे खायची. रोजची भांडणं सोडवून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा तुमचा तो तास आठवला. शनिवारचा शेवटचा तास मी त्यासाठी ठेवला. सुरुवातीला सगळ्यांना क्रिकेट नाहीतर मोबाइलच आवडायचा. मग एकदा दाराकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, मी रोज सकाळी पप्पांबरोबर आखाड्यात जाते, कुस्ती खेळते. पोरं हसली. मी तुमचंच वाक्य हिंदीतून म्हटलं. ती मान खाली घालून बसली. तेवढ्यात खिडकीकडची आमची सगळ्यात भांडखोर मुलगी उभी राहिली. "मुझे सिखाएगी?"

सोमवारी मधल्या सुट्टीत दोघी मैदानातल्या वाळूत भिडलेल्या, आणि भोवती सगळा वर्ग. कोण कुठल्या शाळेचं, काही कळत नव्हतं. हात मोडून घेऊ नका, एवढंच मी म्हणाले.

पुढे पालकांच्या तक्रारी आल्या, कोर्स मागे पडतोय म्हणून. मोठ्या सरांनी बोलावून पुढच्या शनिवारपासून तो तास गणिताला दिला. मी वाद घातला नाही, बाई. अंगात तेवढं बळच उरलेलं नाही. मुलं मात्र आता डबे एकत्र खातात, ते काही कुणी काढून घेतलेलं नाही.

आजचा तास शेवटचा. संपता संपता त्या कुस्तीवाल्या मुलीनं विचारलं, "और मैडम, आपको क्या अच्छा लगता है?"

मी आठवून पाहिलं. काही सापडेना. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं, की मला झोपायला आवडतं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "मेरी मम्मी को भी."

हे कुठे पाठवायचं नाही, ते मला ठाऊक आहे. तो तास मुलांसाठी आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण तुम्हाला म्हणून सांगते, दर शनिवारी मी वाट पाहत होते, कुणीतरी मलाही विचारेल म्हणून.