समोर बसणाऱ्याचा लॅपटॉप

४ जून

लॅपटॉपसाठी आज तिसरं दुकान. पाय दुखतायत, डोकं त्याहून जास्त. माझी अट साधी – दिवसा कॉलेजचं काम झालं पाहिजे आणि संध्याकाळी आईबरोबर पिक्चर बघता आला पाहिजे. टीव्ही बाबांच्या पाठोपाठ गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, याचंही आयुष्य संपलं होतं. असं बोलतात का कुणाच्या घरी येऊन!

पैसे बाबांच्या छापखान्याकडून आलेत तेवढेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण हातरुमालाएवढं.

मामाला फोन केला ही चूक. एकच वस्तू कॉलेजलाही आणि घरालाही म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्याचं मत. मग दोन घेऊन दे, म्हटलं. त्याला लगेच दुसरा फोन आला.

५ जून

आईला बरोबर नेलं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसणारा, पण शांत माणूस. म्हणाला, या पैशांत एकतर आतून दणकट मिळेल, नाहीतर पडदा चांगला मिळेल. दणकट घेतला तर पडदा साधा. त्याने एक लॅपटॉप सुरू करून बाजूला वळवून दाखवला. समोरून चित्र छान होतं, बाजूने बघितलं की सगळी माणसं काळीठिक्कर.

"हा समोर बसणाऱ्याचा लॅपटॉप आहे," तो म्हणाला. "घरी बघणार किती जण?"

मी म्हटलं, "दोघी."

आई म्हणाली, "तिघं."

एकाच वेळी बोललो आम्ही. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी शोकेसमधल्या बॅगा बघत राहिले. परत येताना आई रस्ताभर शिवणाच्या दोऱ्याचे भाव कसे वाढलेत ते सांगत होती.

घेतला. दणकटच घेतला. दोघी चिकटून बसू.

९ जून

पहिला पिक्चर! स्टुलावर लॅपटॉप, समोर दिवाणावर आम्ही. बाबांची खुर्ची अजून उजव्या टोकाला, खिडकीपाशी. आई ती हलवू देत नाही. सगळा जन्म छापखान्याच्या यंत्राशेजारी उभं राहून बाबांचा उजवा कान गेला होता. म्हणून ते नेहमी सगळ्यांच्या उजवीकडे बसायचे. म्हणजे आमचं बोलणं डाव्या कानात पडायचं.

मध्येच चहा ठेवायला उठलो दोघी. परत आलो तर पडदा काळा. बिघडला वाटून धावत जवळ गेले. बिघडला नव्हता. खुर्चीकडे तोंड करून होता.

स्टूल डुगडुगतं बहुतेक.

११ जून

स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. तरी तेच! आणि आई माझ्यासमोर स्वयंपाकघरात होती, कप विसळत.

सरळ केला. आई म्हणाली, "राहू दे की जरा तसाच."

१५ जून

हे लिहायला नको वाटतंय. पिक्चर आपोआप मागे गेला. नायिका जिन्यात काहीतरी पुटपुटते, तेवढंच पुन्हा. मग पुन्हा. मी कशाला हातही लावला नव्हता. बाबांची जुनी खोड – पुटपुटलेलं ऐकू आलं नाही की मागे घ्यायला लावायचे, आणि कुणी नवीन दिसलं की विचारायचे, "हा मघाचाच का?" आम्ही वैतागायचो.

आई ब्लाउजला हुक लावत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐकू आलं नसेल."

मी उठून दिवा लावला. खुर्चीत काहीही नव्हतं. गादीला मात्र खळगा होता. तो आधीपासूनच असेल. असेलच.

१८ जून

लॅपटॉप दुकानात नेला. दुकानदाराने सगळी बटणं तपासली, काहीही दोष नाही. वळतो म्हटलं तर हसला. "बिजागरी वरखाली होते, ताई. लॅपटॉप स्वतःहून मान वळवत नाही. घरात कुणीतरी वळवतंय."

आईची काळजी वाटते. हल्ली ती खुर्चीशी बोलते – दूध नासल्याचं, शिवणातल्या चुकांचं. पण ती खूश आहे! वर्षभरात पहिल्यांदा जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं तिने. डॉक्टरकडे न्यायचं तर काय सांगून न्यायचं?

२ जुलै

प्रवेशाच्या दुसऱ्या यादीत नाव लागलं. मला हवं तेच कॉलेज, पण रेल्वेने रात्रभर लांब. हॉस्टेल घ्यावं लागेल. इथलं कॉलेज आता धरून ठेवण्यात अर्थ नाही.

आनंद झाला. मग स्टुलाकडे लक्ष गेलं. लॅपटॉप एक, घरं दोन.

१४ जुलै

घरीच ठेवते म्हटलं. आईने ऐकलं नाही. अभ्यासाला घेतलेली वस्तू अभ्यासाला गेली पाहिजे म्हणते. "आमचं काय, आम्ही बोलत बसू," म्हणाली.

मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट आहे, पण खरं आहे.

२० जुलै

हॉस्टेल. रूममेट अजून आलेली नाही. तिचं टेबल नाही, खुर्ची फक्त आलीय, माझ्या उजवीकडे ठेवलीय. खोलीला रंगाचा वास. कुणी ओळखीचं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

बाहेर आले तर लॅपटॉप त्या खुर्चीकडे वळलेला.

किंचाळायला हवं होतं. मी दार आतून लावून घेतलं, सरळ जाऊन बसले, आणि कितीतरी वेळ उजवीकडे बघितलं नाही.

२६ जुलै

भीती गेली. कधी गेली कळलंच नाही. प्राध्यापकांची चित्रफीत बघत होते, अवघड भागाला तीन-चारदा मागे गेली. बाबांना ऐकू आलं नसेल. पण तेवढ्यात मला मात्र समजलं! मग दुसरे सर आले पडद्यावर. मी मोठ्याने म्हटलं, "हा मघाचा नाही, बाबा."

किती दिवसांनी बाबा ही हाक मारली.

२ ऑगस्ट

आईचा फोन. जेवलीस का, थंडी आहे का, हे सगळं झालं. मग म्हणाली, "तुझ्या टेबलाजवळ दुसरी खुर्ची आहे का गं?"

आहे म्हटलं.

"मग बरं. तू गेल्यापासून इथली नुसती खुर्चीच आहे. मी बोलते, आणि ते खोलीत तसंच पडून राहतं." पुढे म्हणाली, "असू दे. तुला परक्या गावात सोबत हवीच."

शेजारीण सांगत होती, आईने शिवण घेणं बंद केलंय. संध्याकाळी दिवाही लावत नाही. हे मला आईने सांगितलेलं नाही.

४ ऑगस्ट

कॉलेजच्या संगणककक्षात संध्याकाळपर्यंत बसता येतं. अभ्यासाचं अडणार नाही. लॅपटॉप द्यायला माझी काहीच हरकत नाही.

मला बाबा द्यायचे नाहीत.

६ ऑगस्ट

पाठवला. जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून. कुरिअरवाला म्हणाला, परवा पोचेल.

खोकं बंद करायच्या आधी त्या खुर्चीपाशी गेले. डाव्या बाजूने गेले, म्हणजे ऐकू जाईल. म्हटलं, "बाबा, आई अंधारात बसते." वेड्यासारखं वाटलं. गेले काही दिवस खोलीत एक ऊब होती, ती तशीच होती. मी तिथेच उभी राहिले. नंतर ती गेली, आणि खोलीला परत रंगाचा वास यायला लागला.

७ ऑगस्ट

कुरिअरचा मेसेज – पार्सल अजून इथल्याच गोदामात पडलंय, उद्या निघेल.

संध्याकाळी आईचा फोन. मागे मशीनचा आवाज, शिवत होती. "बाबा आलेत गं कालच. खुर्चीत बसलेत. लॅपटॉप कधी येतोय विचारतायत."