चहा सोडलेला डॉक्टर

३ जुलै १९७८. सांगली.
कपाटाला कडी नाही. स्वातंत्र्याला तीस वर्षं उलटली, पंचवार्षिक योजना आल्या आणि गेल्या, आणि साताऱ्याहून खास ट्रेनिंगसाठी बोलावलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या डॉक्टरच्या कपाटाला कडी नाही. वॉर्डनला गांभीर्याने सांगितलं. तो म्हणाला, आत ठेवण्यासारखं काय आहे? उद्धट प्रश्न.

दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांसाठी ही नवी फेलोशिप. डिसेंबरअखेरपर्यंत. आम्ही चौघे. मुख्य डॉ. गोदावरी मोघे. जाड चष्मा, कमी बोलणं. बाईंचा पहिला नियम: दुसऱ्याचं सोडवायला निघालेल्या डॉक्टरने ट्रेनिंग संपेपर्यंत स्वतःचं काहीतरी आवडीचं सोडायचं. एकाने सिगारेट सोडली, एकाने तंबाखू, मिरजेच्या तरुण डॉक्टरने सिनेमा. माझी अडचण झाली. मला व्यसनच नाही. पुष्कळ शोधलं. शेवटी चहा सोडला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कौतुकच असणार.

(संध्याकाळचे दोन पेग यात धरलेले नाहीत. ते पचनासाठी. प्रकृतीच्या कारणाचा रीतसर परवाना आहे, डॉ. पेंडशांच्या सहीचा. त्यांच्या परवान्यावर माझी सही आहे.)

५ जुलै. दुपार.
डोकं ठणकतंय. चहा नसल्याचा परिणाम. व्यसन म्हणजे काय ते आज आतून कळलं. बाईंची पद्धत शास्त्रीय आहे. संध्याकाळचा डोस डोकेदुखीपुरता वाढवला. तात्पुरता.

१२ जुलै.
प्रत्येकाला एकेक पेशंट. ट्रेनिंगभर तोच सांभाळायचा. माझा: मानसिंग, फौजेतला रिटायर्ड हवालदार, तासगावजवळच्या खेड्यातला. ऊस आहे, पेन्शन आहे, लिव्हर सुजलेलं आहे. बायको राहीबाई घेऊन आली. ती म्हणाली, औषध द्या नायतर देऊ नका, यांनी बेल-भंडारा उचललाय. म्हणजे कुलदैवतापुढे हातात बेल आणि भंडारा घेऊन शपथ. ही मोडली तर गावात त्या माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही, आणि घरात त्याला देवाला हात लावू देत नाहीत.

मी केसपेपरवर लिहिलं: ‘रुग्णाला धार्मिक आधार.’ माझं मराठी चांगलं आहे.

१९ जुलै.
हवालदाराने विचित्र विनंती केली. दर महिन्याला मिलिटरी कॅन्टीनमधून त्याला रम मिळते. प्यायची नाही, पण घेणं सोडायचंही नाही. सरकारने दिलेलं रेशन सोडणं हा पलटणीचा अपमान. शिवाय दिवाळीनंतर मुलीचं, विजयमालाचं लग्न. जुने दोस्त येणार, त्यांच्यापुढे बाटली ठेवावीच लागते. तोवर घरात ठेवली तर हात जाईल. म्हणून माझ्याकडे ठेवायच्या.

‘तुमच्याकडं असल्या म्हंजी बँकेत असल्यागत, साब.’

विश्वास ही उपचाराची पहिली पायरी. बाटल्या घेतल्या. हॉस्टेलात दारू आणायला बंदी आहे, पण ही दारू नव्हे, उपचाराचं साहित्य आहे. बाईंना तसं लेखी कळवलं. कपाटात ठेवली. कडी नाही.

२ ऑगस्ट.
सकाळच्या बैठकीत सगळे पेशंट गोल बसून एकेक बोलतात. आज हवालदार उठला. म्हणाला, ‘माझ्या बाटल्या डाक्टरसाबांच्या खोलीत हायत. कपाटाला कडी न्हाई, कोन बगायला न्हाई, तरी ह्यो मानूस हात लावत न्हाई. मग मलाच काय धाड भरलीया?’

पुष्कळ जणांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच.

९ ऑगस्ट.
पाऊस. परवान्याचा माल साताऱ्यातच राहिला. पोटात गच्च वाटत होतं. एक बाटली उघडली. फक्त झाकणभर. शनिवारी साताऱ्याहून आणून भरून टाकीन.

१० ऑगस्ट.
कालची नोंद सुधारून: झाकणभर नव्हे.

२१ ऑगस्ट.
साताऱ्याला जाऊन आलो. बाजारात ती रम मिळत नाही, ती फक्त फौजेची. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. तात्पुरता उपाय: कोरा चहा. रंग तंतोतंत. सील तुटलंय ते हवालदाराच्या लक्षात आलं. त्याला सांगितलं, नियमाप्रमाणे तपासणी करावी लागते. तो म्हणाला, कायदा म्हंजी कायदा. शिस्तीची माणसं.

१४ सप्टेंबर.
कपटी वातावरण. मेसमधून मी रोज किटलीभर कोरा चहा खोलीवर नेतो (बाटल्यांतला जुना आंबतो), हे सिनेमा सोडलेल्याने पाहिलं आणि बाईंना सांगितलं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, नारायणराव, तुम्ही चहा पिता का?

काय सांगणार? मान खाली घातली. कबूल केलं. बाई म्हणाल्या, हरकत नाही, घसरणं माणसाला होतं, पुन्हा सुरुवात करा. बैठकीत पेशंटांनी मला धीर दिला. हवालदार पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘च्या तर च्या, साब. सुटंल.’

न प्यायलेल्या चहासाठी इतका अपमान कुणी सोसला नसेल.

८ ऑक्टोबर.
हवालदाराचं वजन वाढलं, सूज उतरली. बाई म्हणतात, त्याची केस उत्तम. अर्थात. दरमहा तो नव्या बाटल्या आणून देतो, मोठ्या माणसाकडे मूल सोपवावं तशा. आता कपाटात सगळा चहाच आहे. लग्नाला अवकाश आहे. संकल्प: दिवाळीनंतर आपलं पचन संपूर्ण नैसर्गिक पद्धतीवर आणणे.

२ नोव्हेंबर.
भाऊबीजेला बायको, क्षमा, माहेरी न जाता इथे आली. शंकरपाळ्यांचा डबा ठेवला. मी दुपारी झोपेतून उठलो तर ती खिडकी उघडून बसली होती. पूर्वी भांडायची. निघताना एवढंच म्हणाली की चहा सोडलात म्हणे, मला वाटलं आता पुढचं पण सोडाल. बायकांना वैद्यकशास्त्रातले बारकावे कळत नाहीत.

१९ नोव्हेंबर.
लग्न आलं. लोणंदला एक ओळखीचे सुभेदार आहेत, त्यांच्याकडे गेलो. गृहस्थाने मोठ्या मनाने चार बाटल्या दिल्या, पैसेही घेतले नाहीत. स्टेशनवर आलो तर गाडी लेट. कितीही विचारा, येतेय एवढंच उत्तर. थंडी. बाकावर एकटा माणूस करणार काय?

सांगलीत उतरलो तेव्हा दोन शिल्लक, त्यातली एक अर्धी. दोष सर्वस्वी रेल्वेचा.

२५ नोव्हेंबर.
काल लग्न झालं. थोडक्यात लिहितो.

मांडवामागे उसाच्या कडेला पलटणीचे दोस्त बसले होते. हवालदाराने स्वतः बाटल्या आणल्या, ग्लास मांडले, स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा. खऱ्या बाटल्या आधी फिरतील असा माझा अंदाज होता. तोवर लोकांना चव कळेनाशी होते. पण पहिलीच चहाची निघाली. एकाने घोट घेतला, थुंकला. दुसऱ्याने वास घेतला. व्याहीही तिथेच होते. हसणं सुरू झालं, मग थांबलं.

हवालदाराने एक बाटली उघडून हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं. पाहण्यात राग नव्हता. मी फेट्याचा शेमला सारखा करत होतो.

तो दोस्तांकडे वळून म्हणाला, ‘मीच पिलो. डाक्टरसाबांनी जपून ठिवल्या हुत्या. मी मागून नेल्या, पिलो, आन वर च्या भरला.’

राहीबाई हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. ताट तिने कुणाच्या तरी हातात दिलं आणि घरात गेली.

प्रसंग त्याने फार चांगला सांभाळला. मिलिटरी ट्रेनिंग.

२८ नोव्हेंबर.
बाईंपर्यंत बातमी आली. त्यांनी विचारलं, तुमचा पेशंट पुन्हा प्यायला? मी म्हणालो, त्याने तसं सांगितलं आहे. केसपेपरवर लिहिलं: ‘रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार पुन्हा मद्यपान.’ यात एक अक्षर खोटं नाही. पेशंटने दिलेली हकिकत बदलण्याचा डॉक्टरला अधिकार नसतो.

बाई म्हणाल्या, मला त्याच्या डोळ्यांत तसं दिसलं नव्हतं हो.

४ डिसेंबर.
हवालदार हॉस्टेलवर आला होता. आहात म्हणून सांगू का, वॉर्डनने मला विचारलं. नाही म्हणून सांग म्हटलं. फार काम होतं. तो फाटकापाशी उभा राहिला, मग गेला. वॉर्डन म्हणाला, शुद्धीवर होता, नुसतं विचारत होता की साहेबांचं ट्रेनिंग संपेल ना व्यवस्थित?

पुढच्या आठवड्यात नक्की भेटायला जाईन.

१२ डिसेंबर.
बसस्टँडवर राहीबाई भेटली. मी ओळख दाखवली नसती, पण तिने हाक मारली. म्हणाली, मी त्यांना देव्हाऱ्याला शिवू देत न्हाई. सोयरे येत न्हाईत. गावात कोन रामराम घालत न्हाई. लग्नाआदी पीत नव्हते हो, मला वास कळतो, पण मानूस स्वतःच म्हनतोय पिलो, तर मी काय करू? आता पितात. गुत्त्यावरची.

मग तिने विचारलं, ‘आवं डाक्टर, तवा खरंच पिले हुते का ते?’

माझी गाडी लागली होती.

१७ डिसेंबर.
मानसिंग हवालदार मिरजेच्या हॉस्पिटलात वारला. रक्ताची उलटी. पहाटे गेला असं कळलं. सुजलेल्या लिव्हरवर गावठी. वैद्यकीयदृष्ट्या अपेक्षित.

आज डोस घेतला नाही. म्हणजे घेतला, पण अर्धा.

३० डिसेंबर.
समारंभ. सर्टिफिकेट मिळालं. छपाई सुबक आहे. मी ‘रुग्ण-डॉक्टर विश्वास’ यावर बोललो. टाळ्या झाल्या. बाईंनी वाजवल्या की नाही ते दिसलं नाही. सर्टिफिकेट देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, नारायणराव, साताऱ्याला दवाखाना उघडण्याआधी इथे एकदा या. पेशंट म्हणून. जागा ठेवते.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

३१ डिसेंबर.
साताऱ्याची गाडी सोडून उलट्या दिशेला गेलो. हवालदाराच्या घरापर्यंत गेलो. दार उघडं होतं, आत कुणीतरी दळत होतं. राहीबाईच्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून आलो होतो. चार शब्दांचं होतं. दारात उभा राहून बघितलं, तोंडातून येईना. परत फिरलो.

ओढ्याकडेला गुत्ता आहे. धुळा नावाचा माणूस चालवतो. मी डॉक्टर म्हटल्यावर त्याने बाक पुसला. म्हणाला, हवालदार लई चांगला मानूस, कुनाला शिवी न्हाई, बसायचा आन गप पियाचा. थोडी उदारी ऱ्हायलीया, पन आता त्या माऊलीच्या दारात कसं जायचं? नगं वाटतं, पन माझं बी पोट हाय.

किती, विचारलं. नऊ रुपये.

दिले. त्याने भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा ओल्या हाताने पुसल्या. मग सवयीने एक ग्लास माझ्यासमोर ठेवला.

त्याचा एक रुपया वेगळा दिला.