नऊ पिना

प्रिय रेनो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत टाकलं नसशील, तर शेवटपर्यंत वाच. अडीच वर्षं आपण बोललो नाही. पोस्टात समोर आलो की तू पेट्यांचे नंबर वाचत बसतोस आणि मी माझे बूट बघतो. मागच्या नाताळात दुकानाच्या रांगेत तुझी पिशवी माझ्या हाताला लागली. तू "माफ करा हं" म्हणालास. माफ करा! साठ वर्षांच्या ओळखीत तू मला कधी माफ करायला सांगितलं नव्हतंस. अर्थात मी तुला अकरा माणसांदेखत चोर म्हटलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण संशय घेणाऱ्याच्या बाजूने सगळं कसं दिसत होतं, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. ते मी सांगतो. सवय म्हणून क्रमाने सांगतो.

सुरुवात त्या पेटीपासून. नव्वद सालचा ऑगस्ट. हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला लाकडी पेटी फोडून ठेवली होती. आत मेणकागदात गुंडाळलेल्या चिनी रायफली, तपकिरी ग्रीसमध्ये बुडालेल्या, वर घडीची संगीन. खाणीतले सगळे हसत होते की पहिल्याच थंडीत मोडतील. तू म्हणालास, "मोडली तर मोडली, दस्ता लाकडाचा आहे, शेगडीला होईल." आपण दोघांनी एकेक घेतली. ग्रीस काही केल्या निघेना, तेव्हा तुझ्याच डोक्यातून निघालं की सौना तापवू. माझी सौना, वाफेच्या आंघोळीची ती लाकडी खोली, तापवली आणि दोघी रायफलींना वरच्या बाकावर बसवलं. तासाभरात लाकडातून ग्रीस असं पाझरायला लागलं की जणू त्यांनाच घाम फुटला. माझी एल्मा टॉवेल घेऊन आली आणि दारात थबकली. "म्हणजे आधी ह्या आंघोळ करणार आणि मग मी, होय?" पुढे महिनाभर त्या बाकावरून उठताना माणूस सोलून निघायचा. तुझी पँट तिथेच राहिली तो शनिवार एल्मा शेवटपर्यंत विसरली नाही.

तू एका रायफलीवर थांबलास. तू तिने हरणं मारलीस, ती तुझ्या गाडीत पडून राहिली, तिचा दस्ता खरचटला. मी थांबलो नाही. कारखान्याची खूण म्हणून त्रिकोणात सव्वीस आकडा असलेल्या, पात्याच्या संगिनीच्या, सुळ्याच्या संगिनीच्या, रबरी दस्त्याच्या, घेतच गेलो. पंधरा वर्षांत दहा झाल्या. मी त्या कधी झाडल्या नाहीत. मला आकडे हवे होते. नळीच्या मागचा आकडा बोल्टवर, तोच मॅगझिनवर, तोच दस्त्यावर. सगळीकडे तोच असला की ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच माझ्यापर्यंत आली, मधे कोणी हात घातला नाही, एवढं समाधान. एल्मा पाहुण्यांना सांगायची, "ह्याला दहा रायफलींचे नंबर पाठ आहेत. लग्नाची तारीख विचारून बघा." पण एक गोष्ट मला तू शिकवलीस, ती पुस्तकात नव्हती. बोल्ट हातात घ्यायचा आणि कानाशी हलवायचा. आतली पिन, काडतुसावर आपटून गोळी उडवणारी, सुटी असते, ती खुळखुळायला हवी. जुन्या ग्रीसने ती अडकली तर रायफल आपणहून उडते. तू डॉक्टरसारखा कान लावून म्हणायचास, "आहे, जिवंत आहे."

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एल्मा गेली. त्या हिवाळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही, तू जवळच होतास. दर गुरुवारी यायचास, वेलदोड्याचा पाव आणायचास, त्यातला अर्धा स्वतःच खायचास आणि माझे कप धुऊन जायचास. डिसेंबरात मी माझी हरणाची बंदूक जावयाला दिली, गॅरीला. म्हटलं, आता मी कशाला बर्फात फिरतो. जानेवारीत तुला ती चिनी कारखान्याच्या पहिल्या वर्षातली रायफल दिली. तीच, जिच्यात रशियन भाग आहेत, जिला मी पोटच्या पोरीला, कार्लालाही हात लावू देत नसे. तू ती हातात घेतलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "काय रे म्हाताऱ्या, घर रंगवायला काढलंयस का?" मी म्हटलं, ने, तुझ्याकडे बरी. तू नेलीस. एकदाही नको म्हणाला नाहीस. हे मी लक्षात ठेवलं. दहा वर्षं तिच्याकडे डोळा होता ह्याचा, असं मी पुढे मनाशी म्हणणार होतो.

फेब्रुवारीत आठवडाभर कार्लाकडे गेलो, तेव्हा तळघराची किल्ली तुझ्याकडे होती, बॉयलर बघायला. परत आलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, मला कळलं की पिना नाहीत. मी आपल्या शिकारी क्लबात सांगितलं ते तुला आठवत असेल. साफसफाई करत होतो, बोल्ट कानाशी हलवला, आवाज नाही. दुसरा हलवला. तिसरा. सगळे नऊ मुके.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐक. चोर असता तर त्याने रायफल नेली असती. मत्सरी माणूस असता तर त्याने दोन बोल्टांची अदलाबदल केली असती, आकडे बिघडवले असते. तेवढ्याने माझं अर्धं आयुष्य फुकट गेलं असतं. पण ह्याने फक्त पिना नेल्या. टपालाने मागवली तर चार दिवसांत येते अशी वस्तू. म्हणजे त्याला पिना नकोच होत्या. त्याला मला काहीतरी करायचं होतं, आणि काय ते मला कळेना. तळघरातल्या रायफलींच्या कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. त्याची किल्ली कॉफीच्या डब्यामागे असते हे तिघांनाच ठाऊक, मला, गॅरीला आणि तुला. गॅरीवर मी आठ दिवस संशय घेतला. मला तो पहिल्यापासून आवडत नाही, त्यामुळे ते सोपं गेलं. पण नऊ बोल्ट उघडून प्रत्येक परत आपापल्याच रायफलीत बसवला होता. एकही आकडा चुकलेला नव्हता. वर प्रत्येकाला तेलाचा पातळ हात फिरवला होता. गॅरीला स्वतःचे हातमोजे डावे-उजवे कळत नाहीत. ज्याने हे केलं त्याला माझ्या रायफली माझ्याइतक्याच ठाऊक होत्या, आणि त्याला त्यांची कदर होती. मग कोण उरलं?

तरी मी थांबलो होतो. गुरुवारी तू आलास. मी म्हटलं, "रेनो, कोणीतरी माझ्या नऊच्या नऊ पिना नेल्या." तू पावाचा तुकडा खाली ठेवलास. कोणी, असं तू विचारलं नाहीस. कधी, तेही नाही. तू विचारलंस, "तुला कळलं कसं?"

मी म्हटलं, साफ करत होतो. तू टेबलाकडे पाहिलंस. तिथे काही नव्हतं. मग खिडकीतल्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलंस. तिच्यावर बोटभर धूळ होती. "बरं," म्हणालास, आणि टोपी उचललीस. दारातून परत वळलास आणि माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलंस की मला वाटलं, हा आता मारणार. निरपराध माणूस असा वागत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. निरपराध माणूस विचारतो की कोणी केलं. ज्याने केलंय तो विचारतो की कळलं कसं.

त्यानंतर क्लबातला तो शनिवार. मी उभा राहून बोललो. कोणीतरी म्हणालं, "अरे रेनो, बोल ना, नाही म्हण." तू म्हणालास, "आर्विद म्हणतो तर असेल." बस, एवढंच. तुझं नाव फळ्यावरून पुसलं, आणि पंधरा नोव्हेंबरला, हरणांचा हंगाम सुरू झाला तेव्हा, तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या शिकारीच्या कॅम्पात तुझी खाट रिकामी राहिली. मीही गेलो नाही, पण मला कोणी काढलं नव्हतं. लोक मला कॉफी पाजत होते. तू त्या वर्षी एकटाच तुझ्या गाडीत बसून राहिलास, हे मला गॅरीने सांगितलं. "बरं झालं," मी म्हटलं. म्हटलं खरं.

नव्या पिना मी मागवल्या नाहीत. सगळ्यांना सांगितलं, चोर परत करेल तेव्हाच घालीन, हट्ट म्हणजे हट्ट. लोकांना ते पटलं. माझ्या हट्टावर ह्या गावात कोणी शंका घेत नाही.

परवा शनिवारी मी सौना तापवली. एल्मा गेल्यापासून पहिल्यांदा. काही ठरवलं नव्हतं. सकाळी पहिला बर्फ भुरभुरला, हाडं गारठली, आणि बघतो तर मी हातात बर्चची लाकडं घेऊन त्या दाराशी उभा. आत कोळ्यांची जाळी होती. दगड झटकले, विस्तव पेटवला, बादली घ्यायला वरच्या फळीवर हात घातला, तर बादलीच्या मागे एक डबा. माझाच, कॉफीचा. मला वाटलं एल्माने खिळे ठेवले असतील. खाली काढताना तो खुळखुळला.

तो आवाज मी कुठेही ओळखीन. नऊ मेणकागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर, तुझे ते खाणीतल्या पाटीवर लिहावेत तसे आकडे. सगळ्यांत वर एक चिठ्ठी. "पेटवलीस एकदाची? मग मला का बोलावलं नाहीस, गाढवा?"

मी बाकावर बसलो. विस्तव विझला तरी बसलो होतो. माझा सगळा पुरावा मी एकेक करून पुन्हा तपासला, रेनो. त्यात खोटं काही नव्हतं. तू पिना नेल्या होत्यास. पण त्या तू अशा जागी ठेवल्यास जिथे मी तेव्हा जाणार नव्हतो, आणि ज्या दिवशी जाईन त्या दिवशी त्या माझ्या हाती पडल्या तरी तुला काळजी नव्हती. मग मला तुझा भाऊ आठवला, ओन्नी, ज्याने स्वतःला संपवलं आणि ज्याच्याबद्दल आपण बोलत नाही. शेवटच्या शरद ऋतूत त्याने आपली होडी शेजाऱ्याला दिली होती आणि अकॉर्डियन मला दिला होता. मी थँक्यू म्हणून घरी घेऊन आलो होतो. तो अजून माळ्यावर आहे. जानेवारीत मी तुझ्या हातात माझी सगळ्यात चांगली रायफल ठेवली, तेव्हा तू नको म्हणाला नाहीस, कारण जेवढ्या घराबाहेर जातील तेवढ्या तुला हव्याच होत्या. बाकीच्या नऊ तू मागितल्या असत्यास, तर मी तुला हाकलून दिलं असतं.

आता हे पत्र कशासाठी, ते. तू मला एकच प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. त्या हिवाळ्यात मी एकही रायफल साफ केली नव्हती. तुला ते तेव्हाच कळलं, धुळीवरून. एप्रिलच्या त्या सकाळी मी बोल्ट कानाशी हलवला नाही. मी चाप ओढला. नुसता घोडा पडल्याचा आवाज झाला, आणि मी खुर्चीत बसून राहिलो. आधी काही वाटलंच नाही, मग राग आला, आणि कोणी केलं हे हुडकायला मी उठलो. त्या रागावर मी अडीच वर्षं जगलो. माझा राग तू अंगावर घेतलास आणि कोणाला एक शब्द बोलला नाहीस. येत्या सभेत मी क्लबात उभा राहीन आणि त्या अकरा जणांना हेच सगळं सांगेन, हे शेवटचंसुद्धा. कार्लाला काल फोनवर सांगितलं. ती रडली, मग खूप रागावली, आणि मंगळवारी मला डॉक्टरकडे नेणार आहे. पिनांचा डबा मी उघडा ठेवलेला नाही, दोरीने बांधून तुझ्यासाठी दाराशी ठेवलाय. तो तू घेऊन जा. मी बरा आहे, पण ह्या बाबतीत एका माणसावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही, आणि तो तू नव्हेस. शनिवारी चार वाजता तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या सौनाचा धूर दिसेल. दिसला की टॉवेल घेऊन ये. दिसला नाही, तर टॉवेल शोधत बसू नकोस. तसाच निघून ये.

तुझाच,
आर्विद